गायीचे मागचे पाय

डि मॉईन, आयोवा
१९ ऑक्टोबर २०१८

प्रिय व्हर्ला,

तुझी तब्येत बरी असेल. माझीही बरी आहे, गुडघा सोडला तर. झाडं तांबडी झाली आहेत आणि शेजाऱ्यांच्या पडवीत ते हवा भरलेलं भूत यंदाही डुलतंय. चार वर्षांनी थोरल्या बहिणीचं पत्र, तू पाकीट फोडशील की नाही कोण जाणे. फोडलंस असं धरून लिहिते.

परवा वाचनालयात माझं व्याख्यान झालं. हॅलोविनच्या दिवसांत लोकांना कसं गंडवतात, तेच. बँकेतून निवृत्त झाल्यापासून दर ऑक्टोबरला तीच टकळी: दुकानाचा पत्ता नि फोन नसेल तर पाठ फिरवा, 'शेवटचा एकच नग' म्हणून घाई करणाऱ्यापासून लांब राहा, गिफ्ट कार्डावरचे आकडे मागितले की तिथेच थांबा. सत्तावीस माणसं होती. कॉफी पातळ होती. मक्याच्या शेताची गोष्ट मी यंदा सांगितली नाही.

आणि व्याख्यान देत होते तेव्हा माझंच पार्सल वाटेत होतं. मी फसले, व्हर्ला. दोघींनी मिळून घालायचा गायीचा पोशाख संगणकावर दिसला, अगदी आईने शिवला होता तसा, कानाजवळचा तपकिरी ठिपकासुद्धा. खाली 'एकच शिल्लक' आणि उलटं पळणारं घड्याळ. फोन नंबर नव्हता. पैसे गिफ्ट कार्डानेच हवे होते. कोपऱ्यावरच्या दुकानात कार्ड घ्यायला गेले, तर गल्ल्यावरची बाई म्हणाली, "आजी, कुणी आणायला सांगितलंय का हे? हल्ली फार फसवतात हो."

"मला नको शिकवूस," मी म्हटलं. "अख्ख्या गावाला मी शिकवते!"

बिचारीने कार्ड काढून दिलं. काल पाकीट आलं. आत गायीचा कागदी मुखवटा, एकच, रबर लावलेला. ते दुकान संगणकावरूनही गायब झालंय.

आईची गाय असताना नवी कशाला, असं तू विचारशील. पडदे फाडून शिवलेली ती गाय मी चर्चच्या जुन्या बाजारात देऊन टाकली. तू माझे फोन घेणं बंद केलंस, त्याच आठवड्यात, रागाच्या भरात. तुला कधी कळू नये असं वाटत होतं.

तीस तारखेला, हॅलोविनच्या आदल्या रात्री, आपल्या बेगर्स नाइटला, मुलं अजून विनोद सांगूनच गोळ्या घेतात. गेल्या वर्षी एक चेटकीण आली. म्हणे, "भूत लिफ्टने का जात नाही? भिंतीतून जाता येतं, मग रांगेत कोण उभं राहणार!" मी हसले. मग ती माझ्या मागे डोकावून म्हणाली, "इथे गाय असायची ना? तिचे मागचे पाय लाथा झाडत हसायचे. कुठे गेले?"

"बरे नाहीत," मी थाप मारली. सात वाजताच पडवीतला दिवा मालवला. दिवा बंद दिसला की कुणी दार वाजवत नाही.

आता त्या शेताचं. माझ्या साठीला तू मक्याच्या उभ्या शेतात वाटा कापून केलेल्या भुतांच्या चक्रव्यूहाची तिकिटं संगणकावरून काढलीस. चाळीस मैल गाडी हाकत गेलो, तर तिकिटं खोटी, समोर नुसतं कापलेलं मक्याचं रान. परतताना दोघीही पोट धरून हसलो होतो. ते आपल्या दोघींचं होतं, आणि चार वर्षांपूर्वी मी ते व्याख्यानात सांगितलं. नाव घेतलं नाही, पण 'एक हौशी बाई' म्हटल्यावर सगळे मागे वळून तुझ्याकडेच बघायला लागले. लोक हसले म्हणून मी तिखटमीठ लावलं. तू कोट उचलून निघालीस, तरी माझं तोंड थांबलं नाही.

तेव्हा वाटायचं, भोळी म्हणून फसलीस. काल तो मुखवटा हातात घेऊन बसले तेव्हा कळलं. तुला मला खूश करायचं होतं, म्हणून घाई झाली. मलाही तुझ्यासाठी तशीच झाली. मी फार वाईट वागले तुझ्याशी. आणि घर फार मोठं झालंय गं.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा व्याख्यान आहे. फसलेली बाई म्हणून यंदा माझंच नाव सांगणार आहे, आडनावासकट.

तीस तारखेला सहाला दिवा लावीन आणि कितीही वाजले तरी मालवणार नाही. दोन जुन्या चादरी काढून ठेवल्या आहेत, गाय नाही तर भुतं तरी होऊ. सीडर रॅपिड्सहून दोन तास लागतात, माहीत आहे. आलीस तर दारात विनोद सांगावा लागेल, त्यात बहिणीला सूट नाही. कसलाही सांग. मी हसेन.

तुझी,
गायीचं तोंड
अर्डिस