दहावी गोळी

सौंसर,
१० जानेवारी १९५७

प्रिय प्रतिभा,

"कागदाला कोणाची कीव येत नाही, म्हणून मी कागदावरच नेम धरायला शिकवतो," असं रघुनाथराव आपल्याला म्हणाले होते. नागपूरच्या चांदमारीवरचा, नेमबाजीच्या त्या मैदानावरचा, आपला पहिला दिवस, स्वातंत्र्याचं साल. तू हसली होतीस. मी मात्र ते वाक्य पदराला बांधून घेतलं.

सध्या मी फार वैतागलेली आहे. हे गेल्यावर ह्यांची रायफल माझ्या नावावर झाली, तेव्हापासून गावात प्रत्येकाला तिच्याविषयी काहीतरी सांगायचं असतं. आमची बोरगावची शेती बघणारा कवडू परवा ओट्यावर बसून म्हणाला, "बाई, कागद मारून काय भेटते? तिकडं डुकरं संत्र्याचा बगीचा उकरून राहिले, तिकडं चाला ना!" मी म्हटलं, मला कुणाचा जीव घ्यायचा नाही. तर म्हणतो, "मंग बंदूक कायले ठेवली, पूजेले?"

त्याला काय सांगू? पोटावर पडून, श्वास अर्धा सोडून चापावर बोट आवळताना मला काही मारायचं नसतंच. सगळं थांबवायचं असतं. हात, छाती, डोक्यातली कटकट. समोर रुपयाएवढं काळं वर्तुळ, इकडे मी. गोळी लागते तिथेच भोक पडतं. आपल्यावर दया म्हणून कुणी ते बोटभर आत सरकवत नाही. याला खेळ म्हणतात, आणि असा सरळ खेळ मला दुसरा माहीत नाही.

नाहीतर बाकीचं जग बघ. सव्वा वर्ष झालं, अजून लोक माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलतात. बाजारात अर्धा शेर वांगी मागितली तर नत्थूजी वर दोन टाकतो. "राहू द्या बाई, घ्या." अरे, एकट्या बाईने इतकी वांगी करायची काय? पण त्याच्या तोंडाकडे बघून मुकाट्याने पिशवी पुढे करते, आणि घरी येईपर्यंत चिडत राहते.

म्हणून तर मागच्या फेब्रुवारीत स्पर्धेत जिंकलेला कप मला इतका प्यारा होता. हे जाऊन चारच महिने झाले होते. दहा गोळ्या, शंभर गुण; तुझे नव्वद, माझे एक्क्याण्णव. तू मला मिठी मारून म्हणालीस, "शेवटच्याला हात हलला गं माझा." मला वाटलं, निदान एक गोष्ट मला कुणी दिलेली नाही, मी मिळवली आहे. वर्षभर तो कप मी रोज पुसला.

गेल्या आठवड्यात रघुनाथरावांचं टपाल आलं. ते मुलाकडे पुण्याला चाललेत. पेटी आवरताना त्या स्पर्धेचे कागद निघाले, ते त्यांनी आठवण म्हणून मला धाडले. त्यात तुझाही होता. प्रतिभा, नऊ भोकं अशी की एका चवलीच्या नाण्याखाली झाकावीत. आणि दहावं थेट वरच्या कोपऱ्यात, कोऱ्या जागेवर. हात हलला तर गोळी बोटभर सरकते गं, वीतभर नाही.

तूसुद्धा वर दोन वांगी टाकलीस.

फेब्रुवारीत पुन्हा स्पर्धा आहे, पण मी येऊ शकत नाही. नोव्हेंबरात नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो. छिंदवाड्याचा कारकून म्हणतो, "बाई, नागपूर आता परराज्य झालं. रायफल न्यायची तर भोपाळहून परवानगी आणा." माझं माहेर परराज्य! तेव्हा तूच ये, रिकाम्या हाताने. स्टेशनावर कवडू बैलबंडी घेऊन येईल. शेतात मातीचा उंच बांध आहे, त्याला कागद लावू आणि माझ्याच रायफलीने आळीपाळीने दहा-दहा गोळ्या मारू. कप मी पेटीत ठेवून दिलाय. तू लिहिशील की मुलांच्या परीक्षा आहेत, आणि हात खरंच हलला होता. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, तू काही यायची नाहीस. तरी मागते. ये, दहाच्या दहा खऱ्या मार, आणि मला हरव.

तुझीच,
उर्मिला