खालच्या दातांवरचा कागद

बाबा, तुमचं क्लॅरिनेट मी पेटीतून काढलं आहे. शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाले, दुपारी घरात कोणी नसतं, तेव्हा फुंकून पाहते. तीन महिने झाले तरी चिरकतं. दात आपोआप घट्ट बसतात, खालचा ओठ आतून सोलवटतो, आणि दर वेळी तुमचा आवाज ऐकू येतो.

मी पुन्हा नववीत आहे. कळमनुरीच्या घरात आई चुलीपुढे भाकऱ्या थापते आहे आणि तुम्ही मला भिंतीवरच्या आरशासमोर उभं केलं आहे. तुमच्या वरातीच्या बँडमध्ये मुलगी कधी नव्हती, तरी मला शिकवायचं तुम्ही मनावर घेतलं आहे. "काहून चावून राहिलीस? दातानं नाही, ओठानं धर." मग कमरेची पानतंबाखूची चंची काढून तुम्ही तिची दोरी ओढता. तिचं तोंड चारी बाजूंनी सारखं आवळत जातं. "असं. गाल फुगवू नको." सिगारेटच्या पाकिटातल्या पातळ कागदाची घडी माझ्या खालच्या दातांवर बसवता, ओठाला धार लागू नये म्हणून. आई म्हणते, "आता भाकरी कशानं खाईल ती?" बऱ्याच दिवसांनी एक सूर सरळ निघाला. तुम्ही लगेच दुसऱ्यांदा वाजवायला सांगितलंत.

नंतर आखाडा बाळापूरच्या एका लग्नात वाजवायचं ठरलं. मला दुसऱ्या ओळीत उभं करायचं तुम्ही ठरवलंत, आईने बँडचा लाल कोट माझ्या मापाचा करून ठेवला. नवरी माझ्या वर्गातल्या मुलीची बहीण होती. वरातीपुढे कोट घालून चालताना ती वर्गातली मुलगी मला बघेल, या विचाराने मला जेवण जाईना. लग्नाच्या सकाळी माझा ओठ सुजलेला, रक्त आलेलं. तुम्ही हनुवटी धरून उजेडात पाहिलंत. "ओठ आधी. लगनं काय, होतच राहतात."

त्यानंतर तुम्ही मला क्लॅरिनेट दिलं नाहीत. कोणी विचारलं तर सांगायचात, "माझ्याच शिकवण्यात चूक झाली, पोरीचा ओठ फाटला." मी शेजारी बसून ऐकायची. तुम्ही गेलात तोवर ऐकत राहिले.

तुमच्या शिकवण्यात चूक नव्हती, बाबा. त्या सकाळी आरशासमोर उभं राहून मीच तो ओठ चावला होता.

हे पत्र कुठे जायचं नाही. त्याचा कोपरा फाडून घडी घातली आहे, खालच्या दातांवर ठेवायला. कागद जरा जाड आहे, पण चालेल.