निरंजनचा शेवटचा फोन

कोथरूड, ऑक्टोबर १९९९

सौ. कुमुदिनीस,

तू बंगळूरला लेकीकडे आहेस, म्हणून हे लिहायचं धाडस होतंय. पाठवायचं होणार नाही.

जूनमध्ये आघाडीवर जाण्याआधी निरंजनचा फोन आला, त्याचं खरं मी तुला सांगितलेलंच नाही; तो रात्री उशिरा आला, तू झोपली होतीस, असंच म्हणत आलो. तो म्हणाला, "बाबा, पाय मुरगळलाय. डॉक्टर म्हणतात, हवं तर इथेच थांब. काय करू?"

सोसायटीतल्या सगळ्यांची मुलं कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला निघाली होती. मला मिरवायला फक्त याची वर्दी होती. मी म्हणालो, "लढाई सुरू असताना तू मागे राहिलास, तर मी लोकांना काय सांगू?"

तो म्हणाला, "आईला द्या ना फोन."

तू स्वयंपाकघरात होतीस, मिक्सरच्या आवाजात तुला फोनची घंटी ऐकू आली नव्हती. तू त्याला थांब म्हणाली असतीस. मी सांगितलं, "ती बाहेर गेलीय," आणि फोन ठेवला.

नवव्या दिवशी तो मारला गेला.

काल तू फोनवर पुन्हा विचारलंस, "अहो, शेवटी कसा बोलला हो तो?" मी म्हणालो, "हसत होता." तू रडायला लागलीस, म्हणून आणखी जोडलं, "म्हणाला, आईला उठवू नका, झोपू द्या तिला."

अनंत