बिबट्या नीट उभा राहायला पाहिजे

६ नोव्हेंबर
बिबट्याच होता. मांजर नव्हतं, कुत्रा नव्हता. राहीला संध्याकाळी मागे संडासला घेऊन गेले, तर कुंपणाच्या दगडी गडग्यावर बसलेला. पोरीला काखेत मारलं आणि थेट घरात. घाबरले नाय. पाय लटपटत होते ते चपला ओल्या होत्या म्हणून.
सासूबाई म्हणाल्या, गो बाय, तुला उंदीर दिसला तरी वाघच दिसतो. पोलीस पाटील काशीराम म्हणाला, फोटो आहे काय? फोटो आण, लगेच वर कळवतो, पिंजरा लावायला सांगतो. नुसत्या बोलण्यावर पिंजरा येत नाय म्हणे. गौरव बोटीवर, दिवसभर रेंज नाय. लागला तेव्हा हसला. पोरगी अडीच वर्षांची, संडास मागे, मधे काळोख, आणि हा बाप हसतो!
फोटो पाहिजे ना सगळ्यांना? देते फोटो.

७ नोव्हेंबर
मोबाईलवर गडग्याचा काढून बघितला. काळा. शेजारच्या हौसाकाकीने बघितला आणि म्हणाली, छान आलाय गो, तवा काय हा?
हिला पण दाखवणार मी.
धाकटा दीर रूपेश लग्नाच्या ऑर्डरी घेतो. त्याचा मोठा कॅमेरा दमट हवेने खराब होऊ नये म्हणून तांदळाच्या डब्यात असतो. मागितला. म्हणाला, वहिनी, ते खेळणं नाय. मी म्हटलं, बिबट्या पण खेळणं नाय. दिला. तोंड असं केलं की जशी किडनीच मागितली.

८ नोव्हेंबर
रूपेशने शिकवलं. सातवी झालेली असले तरी एका दमात समजलं. कॅमेऱ्याला आत दार असतं, ते शटर. काळोखात दार जास्त वेळ उघडं ठेवायचं, म्हणजे उजेड आत येतो. पण तेवढ्यात समोरचा हलला तर त्याचा फराटा होतो. हलणारा असेल तर दार चटकन बंद करायचं. मग उजेड कमी पडतो. आयएसओ म्हणजे तिखट. वाढवलं की फोटोला जाग येते, जास्त झालं की सगळं दाणेदार. आणि एक भोक असतं, त्याचा आकडा लहान केला की भोक मोठं होतं. हा उलटा कारभार कोणी केला त्याला समोर आणा.
मी विचारलं, मग काळोखात आणि वर हलणारा, असा बिबट्या कसा काढायचा? तर म्हणतो, वहिनी, मी लग्नं करतो. लग्नात नवरा-नवरी उभे राहतात.
शहाणा.

९ नोव्हेंबर, संध्याकाळी सात
चार चिरे रचले, वर कॅमेरा ठेवला. शटर फास्ट. फोटो काळा. आयएसओ सगळ्यात वर. फोटो रवा सांडल्यासारखा. गडगा कुठला, माड कुठला, काय कळत नाय. कॅमेऱ्यातच खोट असणार. रूपेश मुद्दाम जुना देतो.

१० नोव्हेंबर
शटर दहा सेकंद. हौसाकाकीचं मांजर गेलं. फोटोत मांजर दोन हात पसरल्याएवढं, वाव दीड वाव लांब आणि त्याच्यातून गडगा दिसतो. सासूबाईंनी बघितला आणि हात जोडले. म्हणाल्या, राखणदार आहे हा जागेचा, त्याचे फोटो काढत जाऊ नको. मी म्हटलं, आई, मांजर आहे. तर म्हणाल्या, त्या दिवशी बिबट्या होता ना गो?
डोकं फिरलं. भाकरी करपली ती त्यांच्यामुळे.

११ नोव्हेंबर
फ्लॅश लावला. हालचाल झाली, बटण दाबलं. पहिला क्लिअर फोटो! सासूबाई. तोंडात मशेरी, हातात टमरेल. त्या किंचाळल्या, अर्धी वाडी बॅटऱ्या घेऊन आली. काशीराम म्हणाला, हा बिबट्या वर कळवू काय?
फ्लॅश वापरायचा नाय असा सासूबाईंचा हुकूम. ठीक. नायतरी फ्लॅशने जनावर पळतं. मी आधीच तो बंद करणार होते.

१२ नोव्हेंबर
रात्री झोप नाय. पान हललं तरी राहीवर हात ठेवते. ती वैतागते. वैतागू दे. आईने पोरीची काळजी करायची नाय तर काय पोलीस पाटलाने करायची?
विचार करता करता सुचलं. एवढे शिकलेले लोक कॅमेरा बदलत बसतात. बिबट्या हलतो हाच घोळ ना? मग त्यालाच उभा करायचा! खायला ठेवलं की उभा राहील. दहा सेकंद आरामात. बांगड्याची डोकी, आतडी रोज टाकूनच देतो. आजपासून गडग्याच्या अलीकडे टाकणार, म्हणजे फोकस बरोबर बसेल.

१४ नोव्हेंबर
काल चार मांजरं. आज सहा मांजरं आणि तीन कुत्रे. हौसाकाकी भांडायला आली. म्हणाली, बिबट्या नाय म्हणून आता पाळायचा विचार आहे काय तुझा? कुत्र्यामागे येतो तो. मी म्हटलं, काकी, म्हणजे येतो ना? मग त्या दिवशी तवा कोण म्हणालं?
पाय आपटत गेली. जिंकले.
रूपेश म्हणाला, वहिनी, हे डेंजर आहे, पोर अंगणात खेळतं. पोरीसाठीच चाललंय हे सगळं, हे ह्याला कोण सांगणार! शटर दहा सेकंद, आयएसओ वर, भोक मोठं. सेटिंग फिक्स. कोणी हात लावला तर हात मोडीन असं सांगून ठेवलंय.

१६ नोव्हेंबर
आला. पण संध्याकाळच्या आधी, लख्ख उन्हात! ह्याला वेळकाळ नाय काय?
मी मागच्या दारात मच्छी साफ करत होते. राही कोंबडीमागे अंगणात. हौसाकाकीचा कुत्रा केकाटत आला, पाठोपाठ हा. गडग्यावरून उतरला आणि उभा राहिला. काय उभा राहिला! हलला म्हणून नाय. इतके दिवस मी हेच तर मागत होते. हात तसेच खवल्यांचे, कॅमेऱ्याकडे गेले आणि बटण दाबलं. दहा सेकंद धक्का लागायला नको म्हणून मी पण हलले नाय.
सासूबाईंना गुडघ्यांमुळे पायरी चढवत नाय. त्या कुठून धावल्या कळलंच नाय. राहीला उचललं आणि मला ढकलून आत. बिबट्या कुत्र्यामागे माडांत गेला.
मी धावणारच होते. फोटो झाला की लगेच धावणार होते.
फोटो पांढरा. नुसता पांढरा. रूपेश म्हणाला, वहिनी, उन्हात दार दहा सेकंद उघडं ठेवलंत? मी म्हटलं, दिवसा बिबट्या आला तर काय करायचं ते शिकवलंस काय तू?
त्याने कॅमेरा उचलला आणि परत तांदळाच्या डब्यात ठेवला.

१७ नोव्हेंबर
हौसाकाकीने खिडकीतून मोबाईलवर काढलेला फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतोय. बिबट्या, पुढे राही, बाजूला मी कॅमेऱ्याला डोळा लावून. गौरवला बोटीवर पण मिळाला. आता रेंज होती. हसला नाय. फक्त विचारलं, तू तिथे काय करत होतीस?
काय करत होते म्हणजे? फोटो काढत होते!
पिंजरा आला. काशीराम मला म्हणाला, डोकी टाकायची बंद करा. जसा काय डोक्यांच्या वासाने आला! वाडीभर मच्छीचाच वास आहे.
सासूबाई कालपासून एक शब्द बोलल्या नाय. टोमणा तरी मारायचा.
रात्री राहीला जवळ घ्यायला गेले तर ती सासूबाईंच्या कुशीत सरकली आणि त्यांचा पदर धरला. झोपेत असणार. पोरं झोपेत सरकतात. डोळे उघडे होते, तरी पण.