आमच्या गावाचा रक्तदाब

तीर्थस्वरूप वन्संना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग अर्थातच कागदावर. खरोखर घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील आणि घरात तुमचे बंधुराज एकटेच.) इकडे सगळं ठीक. तुमचे गुडघे, तुमची कवळी आणि तुमची सूनबाई यांचं कसं चाललंय ते वेगवेगळं कळवा, मागच्या पत्रात तुम्ही तिन्ही एकाच ओळीत उरकलीत आणि तक्रार नेमकी कोणाची ते आम्हाला कळलंच नाही. तुम्ही लेकाकडे राहायला गेलात त्याला आता पाच वर्षं होतील. साडेचारला चहा टाकताना माझा हात अजून दोन कप काढतो, मग त्यातला एक परत ठेवायचा. चहा पातळ आहे असं तुम्ही रोज म्हणायचात आणि रोज कप रिकामा करायचात. आता नावं ठेवणारं कुणी नाही. चहा पूर्वीइतकाच पातळ आहे, पण पिण्यात राम नाही. तुमच्या मागच्या खोलीत शिकवणीच्या बाई भाड्यानं आल्यात. इतक्या गोड स्वभावाच्या आहेत की भांडायची सोयच नाही. वन्सं, तुमची फार आठवण येते. लिहून टाकलं एकदाचं, आता पुढं जाते.

आमच्या सरकारी दवाखान्यात मोठं रामायण झालंय. तुम्हाला माहीतच आहे, मी चार नंबरच्या खोलीत नर्स, आणि चार नंबर म्हणजे गर्भपाताची खोली. दवाखान्यात बसायला बाक मात्र एकच. खोकलेवाले, पाय मुरगळलेले आणि चार नंबरमध्ये येणाऱ्या बायका, सगळे त्याच बाकावर, आणि शेजारी नेमकी कुणाची तरी चुलतसासू बसलेली असते. ती विचारणारच, काय गं, काय झालं? म्हणून मी फार वर्षांपूर्वी एक शक्कल काढली. चार नंबरमध्ये यायचं असेल तर बाहेरच्या पिवळ्या चिठ्ठीवर आम्ही 'रक्तदाब' लिहायचं, आणि कुणी विचारलं तर बाईनंही तेच सांगायचं. खरी नोंद डॉक्टरीणबाईंच्या कपाटात, कुलपात. (शक्कल इतकी छान चालली की आपल्या शहाणपणाला कुठं ठेवू नि कुठं नको असं मला झालं होतं. आता कुठं ठेवायचं ते लोक सांगताहेत.)

तर सरकारनं यंदा एक चांगलं धोरण आणलंय. चांगलं म्हणताना जीभ जरा अडखळते, सवय नाही ना. गर्भपात, गर्भनिरोधनाची साधनं, बाळंतपण, ज्या गावात या सेवांची गरज आहे तिथं त्या कायद्यानं कायम राहणार. डॉक्टरची बदली झाली तर दुसरा हजर झाल्याशिवाय पहिल्याला सोडायचं नाही, औषधं संपू द्यायची नाहीत, आणि कुणा नव्या साहेबाच्या मनात आलं म्हणून खोलीला टाळं ठोकता येणार नाही. मी तो कागद तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा डोळे पुसले. फक्त गरज कुठं आणि किती हे आधी बघायचं होतं, आणि ते बघायला एक पाहणीसाहेब आले.

साहेब माणूस भला हो, म्हणून तर घोटाळा झाला. कुलपातली वही कायद्यानं त्यांना उघडता येत नव्हती आणि त्यांनी ती मागितलीही नाही. तीन दिवस ते बाकावर बसले आणि आलेल्या प्रत्येक बाईला अदबीनं विचारत राहिले, आपण कशासाठी आलात? आमच्या बायका पढवलेल्या, एकीचीही जीभ घसरली नाही. रक्तदाब, साहेब. रक्तदाब. एकीला तर बोलवेना, तिनं नुसती चिठ्ठी पुढं केली. मी रजेवर होते. (दाढ काढली होती. त्या दाढेला मी अजून शिव्या देते.) खोकलेवाल्या, पाय मुरगळलेल्या सोडल्या तर तीन दिवसांत एक्केचाळीस बायका, सगळ्या अठरा ते चाळीस वयाच्या, आणि सगळ्यांना रक्तदाब! साहेबांचं तोंड उतरलं. शेवटी त्यांनी स्वतःचाही तपासून घेतला आणि तो खरोखरच वाढलेला निघाला. पाहणीतला रक्तदाबाचा अस्सल रोगी तेवढा एक.

पुढच्या महिन्यात चौदा रक्तदाबमापक यंत्रं आली. मागोमाग मीठविरोधी पथक आलं. भिंतीभिंतीवर 'मीठ कमी, आयुष्याची हमी' अशी पत्रकं लागली, खानावळीतल्या मेजांवरून मिठाच्या कुप्या गेल्या, आणि सारं गाव चार महिने अळणी जेवतंय. त्यात एक गवंडी आहे, कोण ते विचारू नका. बायकोच्या पिशवीत त्याला ती पिवळी चिठ्ठी सापडली. तेव्हापासून तो स्वतः स्वयंपाक करतो, बिनमिठाचा, आणि तिला एकटीला वाईट वाटू नये म्हणून आपणही तेच गिळतो. ती माझ्याकडे येऊन हसली, हसता हसता रडली, म्हणाली, सिस्टर, आता खरं सांगू कसं? मी तिला माझ्या डब्यातलं लोणचं दिलं.

आणि मग पाहणीची यादी आली. आमच्या दवाखान्यासमोर स्वच्छ छापलेलं, गर्भपात सेवा : गरज आढळली नाही. म्हणजे खोली बंद. तिथं ती चौदा यंत्रं मांडायची आणि बायकांनी जायचं जिल्ह्याला. सहा तास, मधे एक बस बदलून, कडेवर मूल असेल तर त्याला घेऊन, आणि घरी काय सांगायचं ते वाटेत ठरवत. डॉक्टरीणबाईंनी हरकत घेतली, आकडे पाठवले. उत्तर आलं, आकडे पोचले, आभार, परंतु सेवा घेतलेल्या किमान एका व्यक्तीनं जाहीर सुनावणीत नावानिशी सांगावं. वन्सं, नाव गुप्त ठेवा म्हणणारं सरकार हेच आणि नावानिशी या म्हणणारंही हेच. बरं, मी विचारू कुणाला? कुणाच्या दाराशी जाऊन उभी राहिले तरी शेजारीण खिडकीतून बघणार, की बाई, ही चार नंबरवाली हिच्याकडे कशाला आली? विचारणं म्हणजेच फोडणं. इतकी वर्षं मी गुपितं अशी सांभाळली की आता तीच आमच्या गळ्याशी आलीत.

असो. आमचं हे असं चालायचंच, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. प्रवासाची दगदग तुम्हाला झेपायची नाही, तेव्हा यायचं वगैरे मुळीच मनात आणू नका. आम्ही मजेत आहोत. सूनबाईंना आशीर्वाद, नातवंडांना पापे.

तुमची,
भावजय

ता. क. सुनावणी येत्या गुरुवारी अकरा वाजता, नगरपालिकेच्या सभागृहात आहे. मी माझं नाव दिलंय. दुसऱ्या कुणाचं गुपित माझ्या मालकीचं नाही, हे एक आहे. एकोणीस वर्षांपूर्वी, इथं चार नंबर सुरू व्हायच्या आधी, धाकटी आठ महिन्यांची असताना, पुन्हा दिवस गेले आणि डॉक्टर म्हणाले हे शरीर आता पेलणार नाही, तेव्हा पडद्याचं कापड आणायला म्हणून मला जिल्ह्याला घेऊन गेलात त्या तुम्ही. येताना बसमध्ये खिडकीची जागा तुम्ही मला दिलीत आणि सहा तासांत एक शब्द बोलला नाहीत. त्यानंतरही कधी नाही. मी वाट पाहत होते हो. कितीदा वाटलं, चहा ओतताना तुम्ही काहीतरी म्हणाल. तुम्ही फक्त चहा पातळ आहे म्हणालात. तेव्हा येऊ नका असं वर लिहिलंय ते वाचू नका. या.

ता. क. दुसरा. सभागृहात सगळं गाव ऐकणार, तर घरच्या माणसानं आधी ऐकावं म्हणून रविवारी दुपारी तुमच्या बंधुराजांना समोर बसवलं आणि सांगितलं. ते म्हणाले, मला माहीत आहे, ताईनं त्याच संध्याकाळी सांगितलं होतं, आणि ती आपणहून बोलेपर्यंत तू तोंड उघडायचं नाही अशी शपथ घातली होती. एकोणीस वर्षं! या माणसाला साधा पगारवाढीचा आनंद दारात येईपर्यंत लपवता येत नाही, आणि हे मात्र पोटात ठेवून रोज माझ्यासमोर जेवत होते. मग मला तुमचा असा काही राग आला की तुम्ही समोर असतात तर काय केलं असतं कोण जाणे. गळ्यातच पडले असते बहुधा.

ता. क. तिसरा, आणि खरं काम एवढंच. गुरुवारी तेही येणार म्हणताहेत. आता तुम्हाला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे. मी उभी राहिले की ते पहिल्या वाक्याला रडणार, त्यांना बघून मी रडणार, आणि रडणाऱ्या बाईला पाणी देऊन खाली बसवतात, तिचं म्हणणं कुणी लिहून घेत नाही. तुम्ही पहिल्या रांगेत बसा. तुम्ही समोर असलात की मला आजवर एकदाही रडू आलेलं नाही, रागच येतो. गुरुवारी मला तो हवाय.