सड्यावरची नऊ कलमं

भाऊसाहेब, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की ग्रामसेवक म्हटलं की वाडीतल्या पोरांना दुसराच कोणीतरी आठवतो. मला मात्र तुम्हीच आठवता, बगलेत छत्री, पायात रबरी बूट आणि हातात ती कागदांची गुंडाळी. हे मी सांगतेय आणि माझी नात लिहितेय. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्या कितीतरी कागदांवर माझा अंगठा आहे, आणि तुम्ही शाई जरा जास्तच लावायचात म्हणून एकदा तो घरातल्या भाकऱ्यांवरही उमटला होता. नात म्हणते, आजी, सावकाश सांग, माझं शुद्धलेखन चुकतं. मी म्हटलं, चुकू दे, ज्यांना लिहितोय ते तपासायला येणार नाहीत.

तुम्ही योजना सांगायला आलात तो दिवस अजून समोर दिसतो. शाळेच्या पडवीत वाडी जमली आहे, बायकाच जास्त, कारण आमचे पुरुष मुंबईला. तुम्ही एका हाताने नकाशा भिंतीला धरून उभे आहात आणि तो खालून गुंडाळत वर वर येतोय. तुम्ही म्हणताय, सरकारने ठरवलंय, कोकणातली पडीक जमीन फळबागेखाली आणायची, कलमं सरकार देणार, खत सरकार देणार, तुम्ही फक्त झाडं जगवायची. "फक्त" हा शब्द तुम्ही फार सहज म्हणालात, तेव्हाच मला कळलं होतं की तुम्ही घाटावरचे. मग आमच्या घरचा उतारा काढून तुम्ही वाचलंत, "हा तुमचा सड्यावरचा तुकडा, पोटखराबा." मी म्हटलं, "भाऊसाहेब, जमिनीचं पोट खराब असेल तर कोकमाचं सार पाजा, कलमं कशाला?" बायका अशा हसल्या की नकाशा तुमच्या हातून सुटला. तुम्ही रागावला नाहीत. तो उचलून धूळ झटकलीत आणि समजावलंत, की जिच्यात काही पिकत नाही असं सरकारी दप्तर म्हणतं, ती पोटखराबा. मी म्हटलं, "मग दप्तर कधी गवत कापायला आलेलं दिसत नाही."

कारण तो सडा, तो वरचा कातळाचा माळ, म्हणजे आमच्या गुरांचं वर्षाचं गवत होतं. आणि गवत म्हणजे माझ्या सासूबाईंचा जीव. तुमच्या योजनेत जायचं तर सडा गुरांना बंद करायचा, हे ऐकून त्या तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी चुलीपुढे बसून म्हणाल्या, "घे गो बाय, घे सडा. पण एक सांगते. झाडं नाय लागली तर परत या घरात तू मला असं करूया न् तसं करूया सांगायला यायचं नाय. मुंबईत काय ते बायलीचं ऐकतात, इथे माझं ऐकायचं." तेव्हा मला चाळीशी लागली होती, लग्नाला वीसेक वर्षं होऊन गेली होती, आणि त्या घरात ताकात मीठ किती घालायचं हेसुद्धा मी विचारून घालत होते. म्हणजे भाऊसाहेब, सरकारने कोकणासाठी काय ठरवलं होतं ते सरकार जाणे, माझी मात्र एवढीच योजना होती, की या घरात माझा एक तरी शब्द खरा व्हावा.

चाळीस खड्डे. वर बोटभर माती आणि खाली जांभा, पहार मारली की ठिणगी उडायची. तुम्ही चुन्याने सरळ रेघा मारून गेलात आणि मी त्यातल्या अर्ध्या पायाने पुसल्या, कारण दिवाळीनंतर गवत कुठे उशिरा पिवळं पडतं ते मला माहीत होतं, आणि जिथे उशिरा पिवळं पडतं तिथे खाली माती असते. दुसऱ्या दिवशी येऊन तुम्ही वाकड्या रांगा बघितल्यात. "वहिनी, योजनेत चौरस आखणी आहे." मी म्हटलं, "असू दे की. कातळाला कुठे वाचता येतं?" तुम्ही तिथेच उन्हात उभ्या उभ्या कागदावर सरळ रांगा काढल्यात आणि सड्यावर वाकड्या राहू दिल्यात. नात इथे थांबून विचारते, हे लिहू का? लिही. इतक्या वर्षांनी त्यांची बदली कुठे करतील?

पावसाच्या तोंडावर हापूसची कलमं लावली आणि तो पुढचा उन्हाळा मी कमरेवर काढला. खालच्या विहिरीवरून हंडा भरायचा, सडा चढायचा, प्रत्येक बुंध्याशी मडकं पुरलेलं, त्यात ओतायचं. सासूबाई ओटीवरून बघत असायच्या. मदत नाही, टोमणाही नाही, नुसतं बघणं, ते जास्त लागायचं. मे महिन्यात नऊ कलमं वरून वाळली. काडीसारखी कडक झाली. मी कुणाला सांगितलं नाही, वाळलेल्या काड्यांनाही पाणी घालत राहिले. आणि पाऊस पडला तसे ते नऊच्या नऊ बुंधे फुटले! बाकीच्या कलमांना दोन पानं येतायत आणि ही माझी नऊ कशी तरारून वीतवीत वर आलेली. मी सासूबाईंना हाताला धरून सड्यावर नेलं, म्हटलं, बघा, मेलेलं उठलं. त्या वाकून एकेक बुंधा बघत गेल्या. आणि त्या दिवशी मी न विचारता ताकात मीठ घातलं.

गणपतीच्या आधी तालुक्याहून साहेब झाडं मोजायला आले. कागदावर दोन रकाने होते, तुम्हीच मला दाखवले होते, जिवंत आणि मृत. ठरल्यापेक्षा जास्त मेली तर नाव कटणार, पुढच्या वर्षीचं काही मिळणार नाही, आणि सडा परत गवताला. साहेब चिखल चुकवत पुढे, तुम्ही मागे वही घेऊन, त्याच्या मागे मी, आणि कुंपणाच्या गडग्याच्या दगडावर, हे आठवलं की अजून हसू येतं, सासूबाई चढून बसलेल्या. साहेब बोट करतात, "जिवंत," तुम्ही लिहिता. त्या नऊ कलमांतलं पहिलं आलं तेव्हा साहेब म्हणाले, "वा, हे तर फारच जोमात आहे." तुम्ही खाली वाकलात. बुंध्याशी बोट लावलंत. मग माझ्याकडे जे बघितलंत ते मला तेव्हा कळलं नाही. क्षणभर तुमची पेन्सिल थांबली होती एवढं मात्र दिसलं. मग तुम्ही लिहिलंत, जिवंत. नऊ वेळा वाकलात आणि नऊ वेळा लिहिलंत. काजूच्या झाडांकडची तीन मात्र खरंच मेली होती, ती मृत. साहेब चहा पिऊन गेले, आणि सासूबाई दगडावरून उतरताना म्हणाल्या, "वहीत लागली म्हणजे लागली."

तुम्ही मात्र गेला नाहीत. मला त्या पहिल्या झाडाशी नेऊन बसवलंत आणि असे बोललात की आईही मला तसं कधी बोलली नव्हती. "वहिनी, हे हापूस नाही. हापूस वर होता, तो मेला. हा खालचा खुंट फुटलाय, रायवळ. जोडाच्या खाली आलेली फूट मोडायची असते हे मी चार वेळा सांगितलं. तुम्ही हसत होतात." खरंच हसत होते हो. तुम्ही "जोड, जोड" म्हणायचात आणि आम्हा बायकांना लग्नाचंच सुचायचं. मी रडायला लागले. म्हटलं, मग खोटं का लिहिलंत? तुम्ही म्हणालात, "खोटं कुठे लिहिलं? कागदाने विचारलं, जिवंत की मृत. जिवंत कोण, ते विचारलेलंच नाही." आणि मग आवाज उतरवून म्हणालात, "पण आंबा लागेल तेव्हा तुमच्या सासूबाई विचारतील."

दुसऱ्या दिवशी तुम्ही चांगल्या हापूसच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्यात आणि एक लहानसा चाकू. पहिलं कलम तुम्ही बांधलंत, दुसरं माझ्या हातून बांधवलंत. काडी तासायची कशी, पट्टी आवळायची कशी, सालीला साल भिडली की श्वाससुद्धा हळू घ्यायचा. चाकू परत द्यायला गेले तर म्हणालात, "ठेवा. याला अक्षर लागत नाही." त्या चाकूने मी पुढे अर्ध्या तालुक्याची कलमं बांधली, भाऊसाहेब. लोक गाडी पाठवायचे मला न्यायला. आणि सासूबाई दारात येणाऱ्याला सांगायच्या, "थांबा, सुनेला विचारून सांगते." हे ऐकायला तुम्ही हवे होतात. तुम्ही तोवर बदली होऊन गेला होतात, आणि मग एक दिवस कोणीतरी पंचायतीत सांगितलं की तुम्ही गेलात. मी त्या दिवशी कलमं बांधायला गेले नाही, एवढंच केलं.

बाग अजून आहे. रांगा अजून वाकड्या आहेत. नात शेतकी शिकते आणि मला सांगते की सरळ हव्या होत्या. हे पत्र कुठे टाकायचं नाही, ती म्हणते कपाटात ठेवू, तर ठेवू. पण तिथे ठेवायचं आहे म्हणूनच एक सांगते. चाकू दिलात त्यानंतर चार दिवसांनी तुम्ही फाटकातून विचारलंत, "नऊही बांधलीत ना?" आणि मी म्हटलं, "बांधली." आठच बांधली होती. गडग्याकडचं एक मी तसंच ठेवलं. दया वगैरे काही नाही. मला हापूस आवडत नाही. आता नातीने मान वर करून बघितलं बघा. रत्नागिरीत राहून, हापूसवर घर चालवून हे कुणापुढे बोलायची सोय आहे का? गोड असतो, पण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणाऱ्या माणसासारखा. पेट्या गेल्या की मी दुपारची त्या रायवळाखाली जाऊन बसते, पडलेले आंबे पदराला पुसते आणि कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर चोखते. तुम्ही आला असतात तर दोन तुम्हालाही दिले असते, कुठल्या झाडाचे ते न सांगता.