तुझ्या दादाच्या नावाचा फॉर्म

अगं, दूध तापवून झाकून ठेवलंय. मी तासाभरात येतो. फोन घरीच ठेवलाय, वाजला तर उचलू नकोस, वैताग आणलाय नुसता.

त्या दिवशी चष्म्याच्या दुकानात ज्येष्ठांच्या फुकट कानतपासणीचा फॉर्म होता. तुझ्या दादाची फिरकी घ्यावी म्हणून त्याच्या नावानं भरला, आणि सवयीनं नंबर माझाच टाकला! तेव्हापासून त्या दुकानातली एक पोरगी रोज फोन करून मला ‘आजोबा’ म्हणते. बावन्नाव्या वर्षी! कवळी, काठी, गुडघ्याचा पट्टा, सगळं माझ्या गळ्यात मारून बघितलं तिनं.

आज म्हटलं, हिची जिरवायचीच. ती काही बोलली की मी ‘काय? काय?’ करून ओरडत होतो. बिचारीचा घसा बसला. हात अवघडला म्हणून फोन डाव्या कानाला लावला, तर ती काय बोलतेय ते खरंच कळेना. उजव्याला लावला की स्वच्छ. चार वेळा करून पाहिलं.

तर तिच्याच दुकानात चाललोय, कान दाखवायला. दादाला अवाक्षर बोलू नकोस, जन्मभर पुरेल त्याला चिडवायला.

आणि तू भांडतेस ना, हाका मारल्या तरी मुद्दाम ओ देत नाही म्हणून? दर वेळी मुद्दाम नव्हतं गं.